झाडाची भीती, बाईची भीती

फेब्रुवारीअखेरचा रविवार होता. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या आजोबांचं कुंपण दिसतं आणि त्या कुंपणात एल्डरचं एक जुनं, वाकडंतिकडं वाढलेलं झाड आहे. आजोबा करवत घेऊन त्याच्याखाली उभे होते. इथल्या, म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या लँकशरच्या कापडगिरण्यांत आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेला हा माणूस. चर्चमध्ये जातो तो लग्नामयतापुरता, आणि कुठल्याच गोष्टीचा बाऊ करत नाही. फांदीला करवत लावायच्या आधी त्यांनी टोपी काढली, झाडाकडे बघून काहीतरी पुटपुटले, जरा वेळ थांबले आणि मग कापायला लागले. मी कणीक मळत होते, ती तशीच राहिली. दुपारी कुंपणापाशी भेट झाली तेव्हा विचारलंच. जराही न लाजता ते म्हणाले, "आजीनं शिकवलं होतं. ती लिंकनशरची. एल्डरमध्ये एक म्हातारी राहते, तिला विचारल्याशिवाय तोडायचं नाही." आणि काय म्हणायचं तेही सांगितलं: म्हातारे, तुझं थोडं लाकूड मला दे, मी झाड होईन तेव्हा माझं तुला देईन.

मी झाड होईन तेव्हा.

हे शब्द पुढे बरेच दिवस मला सोडेनात. हॉस्पिटलात राउंड घेताना, गाडी चालवताना मध्येच आठवायचे. मरण, माती, परतफेड, सगळं त्या एका बोलीत येऊन गेलंय, आणि ते बोलणारा माणूस भूतप्रेत काही मानत नाही. त्यांना मी विचारलं, म्हातारी खरंच आहे असं वाटतं का? ते म्हणाले, "नसेल. पण विचारायला काय जातं?"

माझं बालपण साताऱ्यात गेलं आणि आमच्या घरात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच पंगतीला जेवायच्या. वडील शाळेत शिक्षक आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते. सुट्टीत त्यांच्यासोबत गावोगावच्या शिबिरांना जायचे मी. नारळातून करणी कशी काढून दाखवतात, पेटता कापूर जिभेवर कसा ठेवतात, हे मला परवच्याआधी पाठ होतं. आणि आजी होती. तुळशीचं पान खुडायच्या आधी हात जोडणारी, दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू न देणारी, कारण झाडं झोपलेली असतात. औषधाला एखादी मुळी हवी असली की आदल्या संध्याकाळी त्या झाडापाशी अक्षता ठेवून यायची, "उद्या न्यायला येते हं," असं सांगून. धाकट्या भावाच्या वेळी तिनं पाळण्याला काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला आणि मनगटात वेखंडाचा मणी. वडिलांनी बिब्बा काढून टाकला, कारण त्याच्या तेलानं कातडी भाजते आणि पोर सगळं तोंडात घालतं. वेखंड राहू दिलं. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आता वाटतं, त्या दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती, की बिब्बा साधी बी नाही. आजीला वाटे, त्याच्या दाहाला बाहेरचं भिईल. वडिलांना भीती होती ती थेट त्या दाहाचीच.

एल्डरचंही तसंच काहीतरी असावं. जूनमध्ये त्याला साईच्या रंगाचे पसरट फुलोरे येतात, द्राक्षासारखा गोड वास येतो, इथल्या घराघरांत त्यांचं सरबत करतात. सप्टेंबरात काळी फळं पिकली की सिरप. पण पान चुरडलं तर कुबट, उंदरांच्या बिळासारखा वास हाताला बसतो, आणि पानं, साल, कच्ची फळं पोटात गेली तर ओकाऱ्या होतात. त्यांच्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. फांदीच्या आत पांढरा मऊ गाभा असतो. तो काडीनं ढकलला की आयती नळी, म्हणजे पोरांना पिपाणी. डेन्मार्कात या झाडातल्या म्हातारीला हिल्डेमोर म्हणतात. तिचं लाकूड चुलीत घालू नये, त्याचा पाळणा करू नये, असे दंडक उत्तर युरोपभर होते. म्हातारीची गोष्ट विषामुळेच जन्माला आली, असं मी म्हणणार नाही. लोककथा इतक्या सरळ हिशेबानं जन्मत नाहीत. पण फुलं प्यायची आणि पानांना भ्यायचं, एकाच झाडाशी अशी दोन नाती ठेवायची असतील तर ते झाड म्हणजे एक मानी म्हातारी आहे, हे मुलांना सांगायला बरं पडत असणार.

ब्रिटिश लायब्ररीत सुमारे हजार वर्षांपूर्वीची, जुन्या इंग्रजीतली एक औषधांची हस्तलिखित वही आहे. तिच्यात नऊ वनस्पतींचा एक मंत्र आहे. विषावर आणि उडत्या रोगांवर. त्यात वोडन हा जुना देव येतो आणि ख्रिस्तही येतो, दोघं एकाच मंत्रात सुखानं नांदतात. मला त्यातली सुरुवात फार आवडते, कारण ती रोगाला किंवा देवाला उद्देशून नाही, मगवर्ट नावाच्या एका रानटी झुडपाला उद्देशून आहे: तू काय सांगितलं होतंस ते आठव. मगवर्ट इथं रस्त्याकडेला, रेल्वेच्या रुळांलगत कुठंही उगवतं. पान वरून हिरवं, खालून पांढुरकं. पहिल्यांदा चुरडून नाकाशी नेलं तेव्हा मी थबकले, कारण तो दवण्याचा वास होता. तितका गोड नाही, कडवट जास्त, पण चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालात मिसळून येतो तोच. दोन्ही एकाच कुळातल्या एकाच वंशाच्या वनस्पती. तिकडे दवणा देवाला वाहतात आणि इथं मगवर्टला कुणीतरी सोबतिणीसारखी हाक मारून ठेवली आहे.

आमच्या वॉर्डात एक नर्स आहे, ती स्वतःला पेगन, म्हणजे ख्रिस्ताआधीचे निसर्गदेव मानणारी म्हणवते. तिच्या लॉकरच्या दाराला आत रोवन नावाच्या झाडाच्या दोन काड्यांचा लाल दोऱ्यानं बांधलेला क्रॉस लावलाय. स्कॉटलंडात गुरांच्या गोठ्यावर, लोण्याच्या रवीवर हे बांधायचे, चेटूक बाधू नये म्हणून. मेच्या एक तारखेला बेल्टेनच्या सणासाठी ती रजा मागते, आणि तिला ती मिळते, जशी मला गणपतीत मिळते. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये 74,000 लोकांनी आपला धर्म पेगन लिहिला, आणखी 13,000 जणांनी विक्का, म्हणजे चेटकालाच धर्म मानणारा पंथ. विक्का फार जुना नाही हे ती स्वतःच सांगते. चेटकाबद्दलचा 1735 चा कायदा 1951 मध्ये रद्द झाला, त्यानंतर जेराल्ड गार्डनर त्याबद्दल उघडपणे लिहायला लागला आणि तिथून विक्का पसरला. ती म्हणते, नवा असला म्हणून काय झालं, माझी झाडं जुनी आहेत. तिचं कॅमोमाइल, तिची बडीशेप, तिचं मगवर्ट. बेलाडोना या विषारी झुडपाला मात्र ती हात लावत नाही. "ते झाड आपल्यासाठी नाही," असं म्हणते. एका रात्रपाळीत चहा पिताना तिनं चेटकिणींच्या उडण्याच्या मलमाचा विषय काढला. बेलाडोना, हेनबेन, धोतरा यांचा अर्क अंगाला चोळला की आकाशातून उडत गेल्याचा भास होतो, असं म्हणतात. माणूस तेव्हा नेमका कसा दिसत असेल, असं तिनं विचारलं.

मी पाहिलंय, म्हटलं.

इंटर्नशिपमधली गोष्ट. विदर्भातलं एक ग्रामीण रुग्णालय, ऑगस्ट महिना, कपाशीवर फवारणी जोरात. रात्री एका तिशीतल्या माणसाला बैलगाडीच्या फळीवर घालून आणलं. अंगाला रॉकेल आणि लसूण एकत्र केल्यासारखा वास, तोंडातून फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या ठिपक्याएवढ्या. कीटकनाशकानं शरीरातलं एक एन्झाइम बंद पडतं, मग नसांचे निरोप थांबता थांबत नाहीत आणि माणूस स्वतःच्याच स्रावात बुडायला लागतो. त्यावर अ‍ॅट्रोपीन. बेलाडोनाचं सत्त्व, 1830 च्या दशकात जर्मनीत पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं काढलेलं. एका अँप्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत, 0.6 मिलिग्रॅम. दर पाच-दहा मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचं, छाती कोरडी होईपर्यंत. सिस्टर कुप्यांच्या माना मोडत होत्या, मी सिरिंजमध्ये ओढत होते. ट्रेमध्ये काचेच्या मानांचा ढीग झाला, माझ्या अंगठ्याला बारीक काप गेले आणि स्पिरिटनं ते चुरचुरत राहिले. पहाटे छाती मोकळी झाली. बाहुल्या मोठ्या झाल्या, नाडी शंभराच्या वर गेली, चेहरा लाल, अंग कोरडंठाक आणि तापलेलं.

आणि तो कापूस वेचायला लागला. पाठीवर पडल्या पडल्या, उजव्या हाताची बोटं जुळवून, मनगटाला हलका पीळ देऊन हवेतलं एकेक बोंड मोकळं करायचा आणि कमरेच्या ओटीत टाकायचा. ओटी नव्हतीच, हॉस्पिटलची हिरवी चादर होती. मध्येच कुणाशी तरी बोलायचा, हसायचा, पुन्हा वेचायचा. शेतात फूलपातीसुद्धा धरली नव्हती अजून, आणि याच्या डोळ्यांपुढे वेचणीचं पांढरं शेत उभं होतं. इतक्या नेमक्या हालचाली होत्या त्या, की मी काही क्षण भान हरपून बघत राहिले.

बाहेर बायाबापड्यांत कुजबुज सुरू झाली. "त्याले बाहेरचं लागलं जी मॅडम." सकाळपर्यंत बाहेरच्याला नाव मिळालं. त्याची विधवा चुलती. बांधावरून भांडण चाललेलं होतं. ती आली होती, डबा घेऊन. पितळी कडीचा डबा, वर फडकं बांधलेलं. कुणी तो हातात घेतला नाही. ती पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली, मग बाहेर नळापाशी जाऊन बसली. सरांनी नातेवाइकांना बोलावून समजावलं, हे औषधानं होतंय, डोस कमी करतोय, उद्यापर्यंत उतरेल. सगळ्यांनी मान डोलावली आणि एक मोटारसायकल भगताला आणायला गेली. भगतानं लिंबू उतरवून फाटकाबाहेर टाकलं. दुसऱ्या संध्याकाळी अ‍ॅट्रोपीन कमी झालं, पेशंट शुद्धीवर आला, त्यानं पाणी मागितलं. सगळा वॉर्ड आनंदला. पण लिंबानं उतरलं असेल तर घातलेलंही कुणीतरी असणारच. माणूस बरा झाला आणि त्याच्या बरं होण्यानंच त्या बाईवरचा आरोप पक्का झाला.

नर्स बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि ती बाई?"

आंद्रेस लागुना नावाचा एक स्पॅनिश वैद्य होता, सोळाव्या शतकातला. मेट्स शहरात तो नोकरीला असताना एका जोडप्याला चेटकाच्या आरोपावरून धरलं, आणि त्यांच्या घरात अर्ध्या भरलेल्या भांड्यात हिरवं मलम सापडलं. हेमलॉक, नाइटशेड, हेनबेन, मँड्रेक, सगळी विषारी झाडं. लागुनानं ते शहरातल्या फाशी देणाऱ्याच्या बायकोच्या अंगाला चोळलं. तिला झोप येत नव्हती म्हणून. ती 36 तास झोपली. उठवल्यावर रागावली, मला जगातल्या सगळ्या सुखांतून ओढून आणलंत म्हणाली. 1555 मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यानं हे लिहिलंय आणि निष्कर्षही काढलाय, की चेटकिणी जे भोगलं म्हणून सांगतात ते मुळ्यांनी आणि पाल्यानं पडलेलं स्वप्न आहे. केवढी सुटका होती या वाक्यात! भांडं दोषी, बाई नाही. इतिहासकार बजावतात, की अशा मलमाचे पुरावे तुटपुंजे आहेत, बहुतेक कबुल्या छळातून आल्यात, आणि ते मला पटतं. तरीही लागुनाबद्दल मला जिव्हाळा वाटतो. त्यानं आधी औषध तपासलं.

मी राहते तिथून पेंडलची टेकडी दिसते. मँचेस्टरहून बर्नलीकडे येणाऱ्या बससेवेचं नावसुद्धा 'विच वे', चेटकिणीची वाट, असं आहे, आणि पायथ्याच्या गावांतल्या दुकानांत झाडूवरच्या बाहुल्यांशेजारी वाळल्या पाल्याच्या जुड्या मिळतात. तिथल्या चेटकिणींच्या खटल्याची गोष्ट इथं पोराटोरांना माहीत असते. मार्च 1612 मध्ये अ‍ॅलिझन डिव्हाइस या भिकारी मुलीनं कोलनजवळच्या रस्त्यावर जॉन लॉ या फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्यानं गाठोडं सोडलं नाही. ती रागावली, आणि थोडं पुढे जाऊन तो कोसळला. कोर्टाच्या कारकुनानं, थॉमस पॉट्सनं, त्याचं वर्णन लिहून ठेवलंय: मान एका बाजूला ओढलेली, चेहरा वाकडा, बोलणं कळेनासं, हातपाय लुळे, विशेषतः डावी बाजू. मी वृद्धांच्या वॉर्डात काम करते. हे वर्णन मी दर आठवड्याला केसपेपरवर लिहिते. आमच्याकडे त्याला स्कॅन आणि रक्त पातळ करायचं औषध आहे. तेव्हा कारण हवं होतं, आणि रस्त्यावर एक रागावलेली मुलगी उभी होती. सगळ्यात वाईट हे, की अ‍ॅलिझनलाही ते खरं वाटलं. कोर्टात त्याला समोर आणल्यावर ती गुडघ्यांवर बसून रडली आणि माफी मागू लागली. तिची ऐंशीच्या घरातली आंधळी आजी तुरुंगातच मेली. नऊ वर्षांच्या बहिणीनं आईविरुद्ध साक्ष दिली. 20 ऑगस्ट 1612 ला लँकेस्टरमध्ये दहा जणांना फाशी झाली.

पॉट्सच्या त्या वृत्तांतात मातीच्या बाहुल्या आहेत, शाप आहेत, भूक आणि शेजाऱ्यांची वैरं तर पानोपानी आहेत. झाडपाला मात्र फारसा नाही. युरोपभर जे 40,000 ते 50,000 लोक चेटकापायी मारले गेले असा अंदाज आहे, त्यांतले बहुतेक औषधं देणारे नव्हतेच. दूध आटलं, मूल गेलं, भांडण झालं, एवढ्यावर गेले. दुकानातल्या त्या जुड्या बघून म्हणूनच मला अवघडायला होतं. त्यांच्या वासात असं वाटायला लागतं, की त्या बायांजवळ काहीतरी गूढ होतं आणि त्यापायी त्या गेल्या. चुलतीजवळ काय होतं? बांधाचा तंटा आणि भाकरीचा डबा. झाडाची भीती खरी असते; बेलाडोनाला, बिब्ब्याला, एल्डरच्या पानाला भ्यायलाच हवं. बाईची भीती त्या भीतीच्या जोरावर उभी राहते, आणि तिच्याखाली काहीही नसतं.

ज्या बाईला खरोखर वनस्पती कळली होती तिची आठवण कशी राहिली? 1775 च्या सुमाराला विल्यम विदरिंगकडे जलोदरावरचा एक घरगुती काढा आला. श्रॉपशरच्या एका म्हातारीनं तो गुपित म्हणून जपला होता, त्यात वीसेक झाडपाले होते. विदरिंगनं ओळखलं, की काम करतंय ते फॉक्सग्लव्ह. दहा वर्षं मात्रा बसवून त्यानं 1785 मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच्याच एका जवळच्या जातीच्या सत्त्वाची डिगॉक्सिनची गोळी, 62.5 मायक्रोग्रॅमची, मी आजही हृदयासाठी लिहून देते. म्हातारीचं नाव त्यानं नोंदवलं नाही. पुढे 'मदर हटन' म्हणून ती प्रसिद्ध झाली, पण ते नाव विसाव्या शतकात औषधाच्या एका जाहिरातीसाठी रचलेलं होतं. उपटलं की मँड्रेक किंकाळी फोडतं ही गोष्ट शेकडो वर्षं टिकली आणि ही बाई निनावी राहिली, याचा मला राग येतो.

20 ऑगस्ट ही तारीख आमच्या घरात दुसऱ्याच कारणानं पाळली जाते. 2013 मध्ये त्या सकाळी पुण्याच्या पुलावर डॉक्टर दाभोलकरांना गोळ्या घातल्या. वडिलांनी फोनवर फक्त "गेले" एवढंच म्हटलं होतं. इतकी वर्षं अडलेला जादूटोणाविरोधी वटहुकूम चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. करणी करते म्हणून एखाद्या माणसाचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात आरोपीला फास होता, आपल्या कायद्यात आरोप करणाऱ्याला शिक्षा आहे. ही गोष्ट मी इथल्या माणसांना अभिमानानं सांगते. 1998 मध्ये पेंडलच्या बायकांना माफी द्यावी म्हणून इथल्या गृहमंत्र्यांकडे अर्ज गेला होता, शिक्षा कायम राहिली. स्कॉटलंडनं मात्र 8 मार्च 2022 ला आपल्याकडच्यांची जाहीर माफी मागितली.

त्या चुलतीचं पुढे काय झालं, नर्सच्या या प्रश्नासाठी मी त्या वेळच्या माझ्या बॅचमेटला फोन केला. तो आता तालुक्याच्या रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. तिनं गाव सोडलं, लेकीकडे गेली, एवढं त्याला कळलं होतं. मग त्यानं आपली एक रीत सांगितली. फवारणीचा पेशंट आला, की पहिली अँप्यूल फोडतानाच तो दारातल्या नातेवाइकांना ऐकवतो: याला झाडाचं औषध देतोय, जीव वाचवणारं, उद्या सकाळी हा हवेत हात मारेल, नसलेल्यांशी बोलेल, कापूस वेचेल, ते या बाटलीमुळे, दुसऱ्या कशामुळे नाही. आधी सांगितलं तर पटतं, म्हणाला, कारण मग सकाळी घडतं ते आपण बोललो तसंच घडतं. आणि सांगताना तो एवढं बघतो, की घरातल्या ज्या बाईशी बाकीचे बोलत नाहीत ती पुढे उभी असेल. तिच्याच हातात तो पाण्याचा तांब्या देतो आणि म्हणतो, शुद्धीवर आला की पहिलं पाणी तुम्ही पाजा.